बारा हात माजघर

टेप सोळा फुटांवर भिंतीला टेकली. लवूनं पुन्हा मापून बघितलं. दुसऱ्या खेपेला तरी भिंत दोन फूट मागं सरकेल अशी त्याला आशा असावी. भिंत जांभ्या दगडाची होती. ती कशाला सरकते!

माजघरात शहाबादी लादी बसवून झाली होती आणि अंगणात पन्नासेक फूट लादी उरून ऊन खात पडली होती. उतरवलेला माल परत घेणार नाही, असं लांज्याच्या दुकानदारानं आधीच बजावलं होतं. लवू मुंबईत कारकून, हिशेबाला पक्का. ‘आपलं माजघर बारा हात लांब, नऊ हात रुंद,’ हे तो लहानपणापासून आबांच्या तोंडून ऐकत आलेला. एक हात म्हणजे दीड फूट. अठरा गुणिले साडेतेरा, दोनशे त्रेचाळीस चौरस फूट. शिमग्याची पालखी घरात यायच्या आत काम उरकायचं होतं. म्हणून गडी एस.टी.तून उतरला तो तडक दुकानात गेला आणि घरी पाऊल टाकायच्या आधी लादी सांगून मोकळा झाला. बापाच्या शब्दाला टेप कोण लावतो?

“सोळा बाय बारा!” लवू कडाडला. “एकशे ब्याण्णव फूट! हातामागं दोन-दोन इंच मारलेत आबांनी. आणि गावभर सांगत फिरले, बारा हात माजघर! नुसता बडेजाव!”

चुलीपाशी बसलेल्या त्याच्या आईला, हौसाला, ते बोलणं लागलं. नवऱ्याला, भागोजीला, जाऊन चार वर्षं झाली होती. मागं ठेवण्यासारखं त्याच्याकडे होतं काय? दोन हापूसची कलमं आणि माप. वाडीत कुणाच्या घराचा पाया आखायचा असो की भावाभावांत बांधावरून जुंपलेली असो, लोक म्हणायचे, भागोजीला बोलवा. त्यानं काठी टाकली की भांडण मिटलं. त्या माणसाला आज पोटचा पोर लबाड म्हणत होता, तेही काशीराम मिस्त्रीच्या देखत. संध्याकाळपर्यंत वाडीभर होणार. घरचाच माणूस बोलला म्हटल्यावर लोकांना आणखी काय हवं?

ती उठली. नवऱ्याचा हात आता आणायचा कुठून? होता तो आपलाच. भिंतीशी बसून तिनं कोपर भिंतीला टेकवलं आणि पंजा सरळ लादीवर पसरला.

“वयनी, शिमिट वलं हाय. हात माखंल,” काशीराम म्हणाला.

“माखूं दे.”

“आये, काय चाललंय तुझं?”

ती गुडघ्यांवर सरकत हात टाकत गेली. तोंडानं मोजत होती, आवाज मात्र दर हाताला बारीक होत होता. बारावा हात टाकला आणि तिचं मधलं बोट समोरच्या भिंतीला लागलं. तांदळाएवढीही फट उरली नाही. मग ती आडवी वळली. नऊ हात. तिथंही तेच.

लवूच्या हातातली टेप सुर्रकन मिटली.

हौसा आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले. “पायाच्या आदल्या दिशी माझा हात बांबूच्या कामटीवर ठेवून तेनी खूण केल्यानी. मी नवी नवरी. मला वाटलं, बांगड्या करतायत. पाया झाला, भिंती झाल्या, बांगड्या कुठं हायत? चांगली आठ दिस रुसून बसलेली मी!”

काशीराम खो खो हसला. लवूलाही हसू आलं, पण कारकुनी डोकं गप्प बसेना. “पण तुझा हात कशाला? आबांचा हात चांगला लांब होता. माजघर दोन फूट मोठं झालं असतं.”

काशीराम हसायचा थांबला. त्यानं थापी पुसून खाली ठेवली. “लवू, पाया आखताना आपल्यात घराचा जो धनी, त्याचाच हात धरतात. भागोजीनं उभ्या जन्मात एका पायालाही दुसऱ्या कुनाचा हात लावलान नाय.”

हौसा माखलेल्या हाताकडे बघत राहिली. हे घर उभं राहिल्यापासून भागोजी जाईपर्यंत दारात कुणी हाक मारली, की ती आतूनच सांगत आली होती, “धनी घरात नायत.”