प्लास्टरचं लेथ

विद्यापीठाच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लेथ मशीन दोन वर्षांपूर्वी आलं, पण फक्त कागदावर. तपासणी समिती येणार म्हटल्यावर विभागप्रमुखांना आठवलं, की मी पेणजवळच्या जोह्याची, म्हणजे घरात गणपतीचा कारखाना. "रोशनी, आठ दिवसांत एक लेथ घडव," सर म्हणाले. बाबांनी प्लास्टरचं घडवलं, मी करडा रंग मारला. सवयीने बाबा त्याला डोळे आखायला निघाले, त्यांना आवरलं. समितीचे अध्यक्ष मशीन बघून खूश झाले आणि म्हणाले, "चालवून दाखवा." आमचे सर हात जोडून म्हणाले, "साहेब, आज अमावास्या. आमच्याकडं अमावास्येला औतसुद्धा धरत नाय." अध्यक्षांनी परंपरा जपल्याबद्दल कौतुकाचा शेरा लिहिला, मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि कॉलेजला वरची श्रेणी दिली. मीही टाळ्या वाजवल्या. महिन्याने माझी प्रॅक्टिकल परीक्षा आली. पास झाले की रोह्याच्या कंपनीत नोकरी पक्की होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला त्याच लेथवर लोखंडी दांडा कातून दाखवायला सांगितला. "सर, हे प्लास्टरचं हाय," मी म्हणाले. त्यांनी नखाने खरवडून पाहिलं, भुकटी निघाली. मग समितीचा अहवाल उघडून म्हणाले, "इथं लिहिलंय, मशीन उत्तम स्थितीत. म्हणजे चालवता तुलाच येत नाही." मी आमच्या सरांकडे पाहिलं. सर पंख्याकडे बघत होते. परीक्षकांनी माझ्या नावापुढे शून्य लिहिलं आणि नखातली पांढरी भुकटी माझ्याच जर्नलच्या पानाला पुसली.