सावलीला कुलूप

भर मे महिन्यातलं ऊन. बस काय येईना, आणि कडेवरची नात उन्हानं लालबुंद झालेली. समोर बागेत, सगुणाच्या सासऱ्यानंच एके काळी लावलेल्या आंब्याची गार सावली पडलेली, अन् गेटला हे एवढं मोठं कुलूप! सगुणाचं डोकंच फिरलं.

"खोल रे मेल्या! पोरीला जरा सावलीत बसवू दे."

"बाग दुपारची बंद असते, मावशी. संध्याकाळी या," वॉचमन म्हणाला.

"संध्याकाळी? तवा मच्छर फोडून खातान! ऊन असलं का कुलूप, मच्छर आलं का दार उघडं. कुना शान्याचा नियम हाय ह्यो? आन तू कशाला भाजतंस भायेर? जा की आत."

"आमाला पण आत बसायला मनाई आहे."

सगुणानं त्याच्याकडं नीट बघितलं. गड्याचं तोंड नातीपेक्षा लाल झालं होतं.

"किल्ली तुझ्याच खिशान, आन भाजतंस बी तूच?" ती त्याच्या अंगावरच गेली. "सायबाला सांग, म्हातारीनं हिसकावली."

वॉचमननं इकडंतिकडं बघितलं आणि गुपचूप दोन्ही हात वर केले.