चूक सापडली

साकोलीच्या कॉलेजातल्या मांगा क्लबात दोघं मिळून जपानी चित्रकथा झाडीबोलीत उतरवायचे. डिंपल फुग्यांतले संवाद लिहायची, वीरेंद्र लाल पेनानं तपासायचा. दोन वर्षं दोघंही एकमेकांवर जीव टाकून गप्प होते, कारण तिची चूक निघत नव्हती आणि त्याला बोलायला निमित्त मिळत नव्हतं.

काल निमित्त मिळालं, तसा वीरेंद्र सगळ्यांपुढं गरजला, "पुस्तकात पोरगी गप्प आहे, फुग्यात नुसते तीन टिंब आहेत! तू काहून लिहिलं, 'तू मले आवडतो'?"

डिंपलनं खाली मानेनं वाक्य खोडलं, तीन टिंबं दिली आणि ती निघून गेली.

वीरेंद्रनं टाळीसाठी क्लबातल्या रिताकडं हात पुढं केला. हात तसाच राहिला.

रिता म्हणाली, "बह्याडा, पुस्तकातल्या पोराले कोण म्हणून राहिलं होतं ते?"