पत्र्यावरचा मालक

तीस पोरं, आणि तिसांच्या तिसांनी गेममधला मालकच निवडला. गेम बनवणारी ताई शाळेच्या संगणकखोलीत मागे उभी राहून बघत होती. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दोन वर्षं तिनं या गेमपायी डोळ्यांची वाट लावून घेतली होती. धुराड्यांमुळे ऊन वर्षागणिक कसं वाढतं ते पोरांना खेळता खेळता कळावं, त्यांनी झाडं लावावीत, भट्ट्या बंद पाडाव्यात, अशी गेमला पैसे देणाऱ्या संस्थेची इच्छा. संस्थेची! ताईला वेगळंच हवं होतं. तिचे वडील भट्टीच्या शेडवर पत्रे बसवायचे. एका दुपारी दोन वाजता त्यांना भोवळ आली. मालक खाली गार केबिनमध्ये होता. "काम संपवूनच उतरा म्हणावं," एवढाच त्याचा निरोप वर गेला. वडील उतरले ते चौघांच्या हातांवर. तेव्हापासून ताईनं डूख धरला होता.

म्हणून गेममधला मालक तिनं जीव ओतून केला. तीच ढेरी, तीच सोन्याची साखळी, दात कोरत बोलायची तीच घाणेरडी सवय. पोरांनी त्याला ओळखावं आणि जन्मभर त्याच्या नावानं थुंकावं. गेम पोरांना खेळवून बघायला शाळासुद्धा तिनं मुद्दाम त्याच्या कारखान्यामागचीच मागून घेतली होती. आणि ही कार्टी बघा! झाडं लावणारी वस्तीतली मुलगी व्हायला एक जण तयार नाही. झाडं राहिली बाजूला, सगळी मालक होऊन बसलेली.

"अरे, तो वाईट आहे!" ती न राहवून ओरडली.

"माहितीये," पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी मान न वळवता म्हणाली. "म्हणून तर घेतलाय. पण ताई, तुमचा गेम बिघडलाय."

ताईनं वाकून पाहिलं. मुलीनं मालकाला केबिनमधून बाहेर काढलं होतं, शिडीवरून शेडच्या पत्र्यावर चढवलं होतं आणि भर उन्हात उभं करून ठेवलं होतं. शेजारच्या पडद्यावर तेच. त्याच्या पलीकडेही तेच. तीस पत्र्यांवर तीस मालक.

"केव्हाचा उभा आहे. ह्याला ऊनच लागत नाही."

ऊन मोजणारी लाल पट्टी तिनं गेममध्ये सगळ्यांना दिली होती. कामगारांना, म्हाताऱ्यांना, रस्त्यावरच्या कुत्र्यालासुद्धा. मालकाला द्यायचं मात्र तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो केबिनमध्येच असतो ना! ज्याच्यावर सूड उगवायचा, त्याला तिनंच दोन वर्षं सावलीत जपलं होतं. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तिनं तिथंच लॅपटॉप उघडला आणि चार ओळी लिहिल्या. मुलीच्या पडद्यावर मालकाच्या डोक्यावर पट्टी आली. ती भराभर चढायला लागली. मालक घामाघूम झाला, ढेरी धरून खाली बसला, मग आडवा पडला. ताईला बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं. भोग आता, मेल्या!

मग त्याची मान एका बाजूला कलंडली. माणूस कसा कोसळतो, याचं चित्र तिनं सगळ्या गेमसाठी एकच केलं होतं, आणि ते तिच्या वडिलांचं होतं. तिला बघवेना.

"पुरे झालं गं," ती म्हणाली. "उतरव त्याला."

मुलीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. शिडी उतरायच्या बटणाकडे तिचं बोट वळलं नाही.

"माझे पप्पा पण आत्ता पत्र्यावरच आहेत, ताई. ते उतरले की उतरवते."