लेकीचा क्लास

"म्याडम, लेकीचा क्लास बंद हाय," निवृत्तीने पुन्हा तेच सांगितलं.

कंधारहून एसटीने तो थेट नांदेडच्या टेलिफोन केंद्रात येऊन थडकला होता. तक्रार फोनवर घेतात, असं रखवालदाराने बजावूनही दारातून हलला नव्हता. शेवटी उमैमाच त्याला आत घेऊन आली. मशिनरूम तिच्याकडे होती.

तक्रार तिला ठाऊक होती. भूकंपानंतर लातूर बघता बघता शिकवण्यांचं गाव झालं होतं. तिथला फिजिक्सचा तास कंधारच्या अभ्यासकेंद्रात रोज पडद्यावर दिसायचा. अहमदपूर-लोहा रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल तोडली आणि पडदा काळा पडला.

"दुसऱ्या वाटंनं न्हाई का येत?"

"उदगीर-देगलूरवरून इथपर्यंत येतोय, काका. पुढं अडलाय." उमैमाने त्याला खुर्ची दिली. "काचेच्या एकाच तारेतून बऱ्याच रंगांचा प्रकाश जातो. प्रत्येक रंगावर वेगळा सिग्नल. कंधारच्या तारेत तुमच्या क्लासचा रंग आधीच दुसऱ्याने घेतलाय. इथं तो बदलून द्यावा लागेल."

निवृत्ती विचारात पडला. "रंग बदलल्यावर आवाज बदलंल का?"

"नाही. आवाज, चेहरा, सगळं तेच."

"मंग बदला की."

रंग बदलणारं एकच कार्ड शिल्लक होतं. तिचे साहेब संघपालसर यांनी ते राखून ठेवायला सांगितलं होतं. उद्या दवाखान्याची लाइन गेली तर? केबल जोडायला आठवडा लागणार होता. तोवर पोरांनी पुस्तकं वाचावीत, असं त्यांचं म्हणणं.

"क्लास बंद म्हणून मुलगी रुसलीय का?" उमैमाने विचारलं.

"रुसली हाय. पण त्याच्यामुळं न्हाई." निवृत्ती हाताची नखं बघत राहिला. "लग्नाच्या विषयावरनं बिनसलं आमचं. बोलत न्हाई माझ्याशी. लई हुशार हाय, म्याडम. आता ह्यो क्लासच काय तो राहिला हाय."

बारावीत असताना उमैमालाही स्थळ आलं होतं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या तिच्या अब्बांनी, खाजामियांनी, पाहुण्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं. या माणसाला ते जमलं नसावं, आणि आता धावपळ करतोय, असं तिच्या मनात आलं. ती उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, कार्ड लावते."

"मोठी लाइन पडली तर जाब कोण देणार?"

"मी देईन."

संघपालसरांनी कपाटातून कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं. "मग कंधारला जाऊन सिग्नलही मोजून ये. अर्धवट काम नको."

कार्ड बसलं. केंद्राच्या जीपमध्ये निवृत्ती पुढे बसला. लोहा मागे पडल्यावर त्याने आरशात बघून केसांवरून हात फिरवला, शर्टाची कॉलर नीट केली.

अभ्यासकेंद्रात मुलं-मुली सतरंजीवर बसून होती. निवृत्ती सवयीने मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. उमैमाने मीटर जोडलं. नव्या रंगावर प्रकाश पोचला होता, जोरही पुरेसा होता. पडदा थरथरला आणि फळ्याजवळ उभ्या असलेल्या निळ्या साडीतल्या बाई दिसू लागल्या.

"कंधार, आवाज येतोय का?"

इकडचं तिकडे ऐकू जात नव्हतं, तरी पोरं एका सुरात ओरडली, "हो!"

"येतोय," निवृत्ती हळूच म्हणाला.

बाईंनी भिंगाचं चित्र काढायला घेतलं. उमैमाने मुलींच्या रांगेवरून नजर फिरवली. एकीनेही मागे वळून बघितलं नव्हतं. तिला निवृत्तीची कीव आली. ती त्याच्याजवळ जाऊन कुजबुजली, "काका, यातली तुमची कुठली? मी बोलून बघू का तिच्याशी?"

निवृत्तीने पडद्यावरची नजर काढली नाही.

"यातली न्हाई, म्याडम," तो म्हणाला. "ती काय तिथं, शिकवायलीय."