सासूबाईंची दुसरी प्रत

कॉम्प्युटरवर विंडोज सोडून लिनक्स वापरणारा माणूस वस्तू विकत घेत नाही, तो ती निवडतो. उदय ढवळीकर गणपतीत डिस्क जोडायचा अडॅप्टर निवडायला बसला, आणि आता दिवाळीचा चिवडाही सादळला होता. उघडा कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर पसरलेला. नवरा-बायको जमिनीवर जेवत होते.

कारण मात्र गंभीर होतं. बायकोच्या, म्हणजे शाल्मलीच्या, दिवंगत आईचा आवाज एकाच जुन्या डिस्कवर होता आणि ती डिस्क हल्ली कण्हायला लागली होती. उदयला तो दोन नव्या एसएसडी डिस्कवर ठेवायचा होता. एक गेली तर दुसरी असावी.

"अरे, हा अडॅप्टर स्वस्त आहे की," शाल्मली म्हणाली. "दोन्ही डिस्क एकातच बसतात."

"बसतात गं. पण आपल्या मदरबोर्डला त्यातली एकच दिसेल."

"एका म्यानात दोन तलवारी, म्हणजे! मग दोन म्यानं आण ना. आईचा आवाज जायची वाट बघतोयस का?"

उदय त्याच संध्याकाळी दोन वेगळे अडॅप्टर घेऊन आला. लिनक्सने दोन्ही डिस्क ओळखल्या. त्याने दोन्हींवर फाइल उतरवली आणि लावली.

आवाज अगदी स्वच्छ आला. "शालू, अनारसे तुपातच तळ. उदयरावांना विचारू नकोस बाई, ते ठरवेपर्यंत होळी येईल."

शाल्मली खळखळून हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "परत लाव."

सासूबाईंचं हे मत आता दोन ठिकाणी सुरक्षित आहे.