लाल दोऱ्याची बाटली

थोरल्या बहिणीने पाण्याचा पेला पुढे केला आणि यॉ अडोमाकोने तो उजव्या हाताने घेतला. समोर आंब्याखाली घराण्यातली सात वडीलधारी माणसं बसली होती. पाहुण्याचं पाणी पिऊन होईपर्यंत त्याला कोणी काही विचारायचं नाही आणि त्यानेही काही बोलायचं नाही, ही तिथली रीत. यॉला ती रीत आज फार मोलाची वाटली. पेला जितका वेळ हातात, तितका वेळ प्रश्न लांब.

प्रश्न सगळ्यांना पाठ होता. गावच्या पंपाचं पाणी प्यायचं की नाही?

मार्चमध्ये याच झाडाखाली बैठक झाली होती. वर टेकडीवर सोनं धुणारे पारा वापरू लागले होते आणि खाली गावात दोन शेळ्या मेल्या होत्या. बायका म्हणाल्या, पंप बंद करा, आम्ही दोन मैल चालून झऱ्यावर जाऊ. यॉ कुमासी शहरात, विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवतो. शंका कशी घ्यावी हे पोरांना शिकवण्यात त्याची हयात गेली. तो उठून उभा राहिला होता.

"शेळ्या शंभर कारणांनी मरतात. आधी पाणी तपासू. पुराव्याशिवाय पंप बंद करणं म्हणजे भीतीलाच शहाणपण म्हणणं."

थोरली बहीण सेरवा तेवढी बोलली होती. "तपास ना तू. पण तोवर आम्ही झऱ्यावर गेलो, तर तुझ्या शंकेचं काय बिघडतं?"

"ताई, तोवर पंप दोषी धरल्यासारखं होतं ना!" तो हसून म्हणाला होता, आणि चारचौघांनी माना डोलावल्या होत्या.

मग वडीलधारी माणसं रीतीप्रमाणे घरामागे 'म्हातारीला विचारायला' गेली. ही म्हातारी आजवर कोणी पाहिलेली नाही. पण निवाडा नेहमी तिच्याच नावाने येतो, म्हणजे कोणा एकाच्या माथी बसत नाही. परत येऊन त्यांनी सांगितलं, "म्हातारी म्हणते, पोरगा शिकलेला आहे. थांबा."

निघताना सेरवाच्या मुलीने, आफ्रियीने, पंपाचं पाणी बाटलीत भरून दिलं. तपासायला देताना मामाची गफलत होऊ नये, म्हणून बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधला.

पाणी तपासतात ती इमारत यॉच्या खोलीसमोरच होती. मोजून दोनशे पावलं. उद्या देऊ, परवा देऊ म्हणता म्हणता महिने गेले. बाटली कपाटावर राहिली, मग तिच्यापुढे पुस्तकं आली. त्याच दिवसांत यॉने एक मोठा लेख पुरा केला. चौकशी कुठवर करावी आणि कुठे थांबवावी, हा त्याचा विषय.

आज आफ्रियी गावातल्या घराच्या दारात उभी होती. नऊ वर्षांची पोर. महिनाभरापासून तिचे हात थरथरत होते. दवाखान्यातल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला होता, "पाणी कुठलं पिता?"

यॉने येताना गाडीत एक वाक्य घोळवून ठेवलं होतं, 'निष्कर्ष अजून हाती आलेला नाही.' त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तेच त्याला खात होतं.

त्याने रीतीप्रमाणे पूर्वजांच्या नावाने चार थेंब जमिनीवर सांडले. त्यांना पाजताना हात अडला नाही. मग पेला ओठांपाशी आणला आणि हात थांबला. पाणी नितळ होतं. त्याने पेला उजेडात जरासा तिरका करून पाहिला, पुन्हा ओठांशी नेला, पुन्हा थांबला. आपण काय करतोय हे त्याला कळलं, तेव्हा सात माणसं त्याच्या हाताकडे बघत होती. तोंडावर कोणी थुंकलं असतं तरी इतकी लाज वाटली नसती.

घराण्याचे कर्ते नाना ड्वूमो यांनी तोंडातली दातकाडी काढली.

"उठा रे. पंपाचा दांडा काढून आणा."

"नाना, अजून त्याने सांगितलंय कुठे?" एकाने विचारलं.

"सांगितलं की!"

म्हातारीला विचारायला आज कोणी घरामागे गेलं नाही. माणसं यॉच्या अंगावरूनच पंपाकडे गेली. वाईट कोणी बोललं नाही.

सेरवा जवळ आली आणि हळूच म्हणाली, "पी रे. पिशवीतलं पाणी आहे ते, काल बाजारातून तुझ्यासाठी आणलंय. तुझ्या पोटाला इथलं कुठे सोसतं?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तो ते पाणी प्यायला. सगळं प्यायला. आता बोलायची मोकळीक होती आणि ऐकायला समोर कोणी उरलं नव्हतं.

आफ्रियी रिकामा पेला घ्यायला आली. "मामा, माझ्या बाटलीत काय निघालं?"

घोळवलेलं वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं.

"बाटली मी उघडलीच नाही गं, बाळ."



"दोरा फार घट्ट बांधला होता का मी?" तिने विचारलं, आणि पेला दोन्ही हातांनी धरला.